हिरव्या पट्ट्याचा क्लॅम्प

बुधवार, ३ तारीख

ही वही बायकोने बॅगेत घातली. ‘माझ्याशी बोलत नाहीत ते नाहीत, निदान वहीशी तरी बोला,’ म्हणाली. एकतीस वर्षं मी स्टोअरच्या नोंदवहीत लिहीत आलोय. काय आलं, काय गेलं, कोणी नेलं, कुठल्या अवस्थेत परत आणलं. मनात काय आलं न् काय गेलं याचा रकाना त्यात नसतो. तेव्हा जमेल तसं लिहितो.

आज आमची पाळी संपायची होती. बॅग भरून बसलो होतो. अकरा वाजता साहेबांनी सांगितलं, नदीवरचा पूल खचलाय, बदलीची माणसं पलीकडेच अडकली आहेत. म्हणजे आम्ही अलीकडे अडकलो, पण ते कोणी बोललं नाही. चौतीस माणसं, पत्र्याच्या खोल्या, भोवती तारेचं कुंपण आणि मधोमध तेलविहिरीची रिग, म्हणजे खोदकामाचा मनोरा. बॅगेतला साबण परत बाहेर काढला.

बदलीच्या माणसांच्या गाडीतच क्लॅम्पचे दाते यायचे होते. क्लॅम्प म्हणजे काय ते लिहून ठेवतो, नाहीतर ही वाचेल आणि विचारेल, कोणाचे दात? विहिरीतून पाइप वर काढताना तो मध्येच धरून ठेवावा लागतो. त्यासाठी विहिरीच्या तोंडाशी लोखंडी पाचरी बसवतात. साध्या पाइपाला त्या पुरतात. पण सगळ्यात खालचे जाड पाइप गुळगुळीत असतात, म्हणून त्यांच्यासाठी पाचरींच्या वर क्लॅम्प आवळायचा. आठ कड्यांची साखळी, प्रत्येक कडीच्या आत एक दाता, टोकाला नट. पाचरी सुटल्या तर क्लॅम्पने धरायचं. क्लॅम्पनेही सोडलं तर सगळा पाइप विहिरीत, आणि शेजारी जो उभा असेल त्याचं काय होतं ते मी एकदा पाहिलेलं आहे.

दर तीन महिन्यांनी दाते बदलायचे आणि त्या तिमाहीच्या रंगाचा पट्टा मारायचा. या वेळचा रंग हिरवा. पट्टा दिसला की वरची माणसं डोळे झाकून वापरतात, कारण पट्टा माझ्या हातचा असतो. या गारठ्यात रंग वाळायला पुरा दिवस लागतो. दाते बुधवारी येणार हे पक्कं होतं, म्हणून मी सोमवारीच रंगवून ठेवला. असं मी आधीही केलेलं आहे. दाते आले की वीस मिनिटांचं काम.

आता गाडी पलीकडे आहे. असो. क्लॅम्प माझ्याकडे कुलपात आहे. मला इथे सगळे कुलूपकाका म्हणतात ते उगाच नाही.

गुरुवार, ४

क्लॅम्प वर गेला.

झालं असं. जाड पाइप तोंडाशी आले तसा भोंगा स्वतः खिडकीशी आला. भोंगा म्हणजे आमचा ड्रिलर, वरच्या टोळीचा म्होरक्या. तो कानात बोलला तरी कुंपणापलीकडे ऐकू जातं. ‘काका, क्लॅम्प!’ मी म्हटलं, ‘जरा थांबा.’ ‘थांबा काय काका, पाइप टांगलाय तिकडे! हा काय, हिरवा पट्टा मारून तयार ठेवलाय की. याला म्हणतात माणूस!’

मी सांगणार होतो. देवाशपथ तोंड उघडलं होतं. पण भोंग्याच्या मागे जावई उभे होते.

जावयांविषयीही लिहायला हवं. माझ्या एकुलत्या एका लेकीचा नवरा, वर रिगच्या फलाटावर, विहिरीच्या तोंडाशी काम करतो. नोकरीला मीच लावला. अकरा महिन्यांपूर्वी हा पाना वर विसरून खाली आला. तो पाना पडला, कोणाला लागला नाही, पण मी दोषवहीतली चिठ्ठी त्याच्या नावाने फाडली. याच खिडकीत उभा राहून सगळ्यांदेखत म्हणालो, ‘नातं घरी. इथे नियम.’ त्या चिठ्ठीने त्याची बढती गेली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. जेवणाच्या टेबलावर मीठ हवं असलं तर तो आचाऱ्याला सांगतो, ‘त्यांना सांग, मीठ सरकवा,’ आणि मीठ माझ्या हाताशी असतं.

तर हे जावई उभे, आणि त्यांच्यासमोर मी म्हणायचं की पट्टा मारलाय पण दाते जुनेच आहेत? मी कुलूप काढलं आणि क्लॅम्प दिला. जावयाने नोंदवहीत सही केली. सहीच्या वेळी तो क्लॅम्पच्या आतून बोट फिरवत होता. त्याला सवयच आहे, हात स्वस्थ राहत नाहीत.

दुपारी तीन वाजता पाइप उचलायच्या यंत्राचा गिअरबॉक्स फुटला. नवा भाग पुलापलीकडे. आता पाइप ना वर जातो ना खाली. विहिरीच्या तोंडाशी पाचरींवर आणि माझ्या क्लॅम्पवर टांगलेला आहे.

दाते झिजले आहेत, पण अगदीच गेलेले नाहीत. दोन-चार दिवस काढतील.

शुक्रवार, ५

पाइप नुसता टांगून ठेवला तर खालचा गाळ त्याला धरतो. म्हणून दर दोन तासांनी विहिरीच्या तोंडावरचं चक्र जरासं फिरवून पाइप हलवायचा, मग एकाने वाकून क्लॅम्पच्या कड्यांवर हातोडी मारायची आणि नट पुन्हा आवळायचा. चौघांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत.

मी स्टोअरच्या दारातून पाहत होतो. बाकीचे दोन ठोके मारतात, नट आवळतात, शिट्टी वाजवत खाली येतात. जावई आठही कड्यांवर एकेक ठोका मारतो आणि कान लावून ऐकतो, डॉक्टर छाती तपासतो तसा. मग पुन्हा पहिल्यापासून. कोणी बघतंय असं वाटलं की काही माणसांना ऊत येतो.

दुपारी आचारी चहा घेऊन आला. उभा राहिला, मग म्हणाला, ‘तुमचे जावई विचारत होते, क्लॅम्पचे जुने दाते कुठे ठेवलेत?’

आमच्याकडे जुने दाते तारेत ओवून स्टोअरमधल्या खुंटीला लावायचे असतात. तपासनीस येऊन ते मोजतो. माझी खुंटी रिकामी आहे.

‘त्यांना सांग,’ मी म्हटलं, ‘माझ्या खुंटीकडे बघायची नोकरी त्यांना दिलेली नाही.’

‘हे असंच सांगू?’

‘असंच सांग.’

आचारी गेला. चहा गार होईपर्यंत मी तसाच बसलो. हा माणूस माझ्यावर डूख धरून आहे. एक चूक सापडली की तो चिठ्ठी फाडणार आणि त्याच खिडकीत उभा राहून मला माझंच वाक्य ऐकवणार.

शनिवार, ६

सकाळी स्टोअरमध्ये पडून असलेला रद्द क्लॅम्प काढून पाहिला. त्यावर लाल पट्टा आहे, कारण एका कडीला तडा गेलाय. पण दाते जवळजवळ कोरे आहेत. आठच्या आठ. तडा गेला तेव्हा बसवून आठवडाही झाला नव्हता. मी ते सोडवले, घासूनपुसून बिस्किटांच्या डब्यात ठेवले.

म्हणजे उपाय घरात आहे. वरचा क्लॅम्प काढायचा, सगळ्यांना खाली पाठवायचं, दाते बदलायचे, पुन्हा लावायचा. वीस मिनिटं. मात्र क्लॅम्प का काढायचा ते भोंग्याला सांगावं लागेल. मी बरीच कारणं जुळवून पाहिली. ‘वंगण घालायचंय’ असं म्हणावं तर भोंगा म्हणेल, हिरवा पट्टा आहे, आत्ताच तर घातलंत. तो पट्टाच आडवा येतोय.

वर एक नवी गोष्ट केली आहे. क्लॅम्पच्या वर चार बोटं जागा सोडून पाइपावर खडूची रेघ मारली आहे. पाइप घसरला तर रेघ क्लॅम्पच्या जवळ येईल. कल्पना जावयाची म्हणे. भोंग्याने त्याची पाठ थोपटली.

डबा वरच्या, झडप असलेल्या फळीवर ठेवला आणि फळीला कुलूप लावलं. का लावलं ते सांगता येणार नाही.

सोमवार, ८

ऑफिसच्या फोनवर बायको भेटली. लेक सध्या आमच्याकडेच आहे, सातवा महिना. हिने आधी पूल, हवा, माझे गुडघे यांची चौकशी केली. मग मध्येच आवाज बारीक करून म्हणाली, ‘तुम्ही सांगितलंत का?’

‘काय सांगितलं?’

‘काही नाही. लेक विचारतेय, बाबांनी सांगितलं का म्हणून.’

‘अगं पण काय?’

‘ते तुम्हालाच ठाऊक. आम्ही बायका, आम्हाला त्या लोखंडातलं काय कळतंय.’

मी ओळखलं. लेकीला वाटतंय, मी आपण होऊन नवऱ्याशी बोलावं आणि त्या पान्याच्या प्रकरणावर पडदा टाकावा. मी म्हटलं, ‘तिला सांग, माझ्याकडून काही चुकलेलं नाही.’  मग म्हणाली, ‘बरं. जेवत जा वेळेवर.’

फोन ठेवल्यावर मात्र नोंदवही उघडून त्या क्लॅम्पची ओळ पुन्हा वाचली.  म्हणजे खोटं बोललो का? नोंदवहीच्या दृष्टीने बोललो.

मंगळवार, ९

जावयाने आता सगळ्या पाळ्या स्वतःकडे घेतल्यात. बाकीच्या तिघांना म्हणाला, तुम्ही खालीच थांबा, मला एकट्याला बरं वाटतं. दर दोन तासांनी तोच जातो, मधल्या वेळात जिन्याखाली बाकावर आडवा होतो. भोंगा हसून म्हणाला, ‘बाप होणार आहे ना, जागरणाची सवय करून घेतोय.’ सगळे हसले. मीही हसलो.

बढतीसाठी चाललंय हे सगळं. साहेबांच्या नजरेत भरायचं, दुसरं काय? मला असली माणसं लगेच कळतात.

दुपारी कारण काढून वर जाऊन आलो. रेघ पाहिली. चार बोटं सांगितलं होतं, पण याने तीन बोटांवर मारली आहे. मी माझी बोटं लावून पाहिली. मग त्याची बोटं माझ्यापेक्षा जाड असतील असं म्हटलं. पण जाड बोटांनी मारली असती तर रेघ लांब पडली असती.

धड मोजायलाही येत नाही त्याला. एवढंच लिहून थांबतो.

बुधवार, १०

विशेष काही नाही. स्टोअरचं कुलूप लावलंय का ते चार वेळा पाहून आलो. लावलेलं होतं.

गुरुवार, ११

आज खरं लिहितो. इथे तरी लिहितो.

सकाळी आचारी आला आणि दाराला टेकून म्हणाला, ‘निरोप आहे. एकदा वर येऊन बघता का, म्हणतात.’

‘काय बघायचंय?’

‘ते नाही सांगितलं. पण विनंती आहे म्हणाले. विनंती हाच शब्द वापरला.’ आचाऱ्यालाही तो शब्द नवा वाटलेला दिसला.

वर गेलो. जावई एकटाच होता. डोळे आत गेलेले, दाढी वाढलेली. तळहातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. नट आवळायच्या पान्याच्या दांड्यात त्याने हातभर लांबीची नळी घातली होती, जोर जास्त मिळावा म्हणून. असं करायचं नसतं. दाते चांगले असतील तर तेवढ्या जोराची गरजच पडत नाही. मी पान्याकडे बोट दाखवून वाऱ्याला म्हणालो, ‘हे नियमात बसत नाही.’ त्याने नळी काढून बाजूला ठेवली आणि सरकून मला जागा करून दिली.

रेघ दोन बोटांवर होती.

रेघ कोणी चुकीची मारलेली नाही. हे मला मंगळवारीच कळलं होतं. पाइप माझ्या दात्यांतून घसरतोय. रोज थोडा थोडा. आता लिहिलं.

मी तिथे उभा होतो, तो माझ्याकडे बघत होता, आणि आमच्यामध्ये तो हिरवा पट्टा. काय सुंदर मारलाय. कडा कशा सरळ आहेत. मला तो नखाने खरवडून काढावासा वाटला. मी म्हटलं, ‘ठीक आहे,’ आणि जिना उतरून खाली आलो. ठीक आहे! एकतीस वर्षांत इतका निर्लज्ज शब्द माझ्या तोंडून गेला नव्हता.

संध्याकाळी साहेब जेवणघरात आले. पूल परवा सुरू होतोय. पहिल्या गाडीत गिअरबॉक्स आणि स्टोअरचं सामान. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात हिशेब केला: शनिवारी दाते येणार, गिअरबॉक्स बसला की क्लॅम्प सुटणार, मी तो ‘साफसफाईसाठी’ खाली आणणार, वीस मिनिटं, आणि जुने दाते खुंटीला. कोणाला म्हणून कळणार नाही. मध्ये फक्त एक दिवस.

एक दिवस म्हणजे बारा वेळा तो तिथे वाकणार.

माझा जीव टांगणीला लागलाय. छे, टांगणीला तो आहे. मी तर इथे चहा पितोय.

शुक्रवार, १२

बाराच्या पाळीआधी सगळे जेवायला बसले होते. भोंगा खुशीत होता, ‘आजचा दिवस रेटला की सुटलो!’ जावई उठला. जाताना खिशातून फोन आणि हातातलं घड्याळ काढून आचाऱ्याकडे दिलं. आचाऱ्याने न बघता ते पिठाच्या डब्यामागे सरकवलं.

मी विचारलं, ‘हे काय?’

‘रोजचंच आहे,’ आचारी म्हणाला. ‘वर जाताना देतात, खाली आले की घेतात. दिवसातून बारा वेळा. मी म्हटलं, अहो मी काय बँक आहे का? तर म्हणतात, कधी घ्यायला नाही आलो तर कुलूपकाकांकडेच दे, दुसऱ्या कोणाकडे नको.’ तो हसला. ‘तुमच्या घरच्यांची थट्टाही तुमच्यासारखीच रुक्ष हो.’

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. फळीच्या कुलपाला किल्ली लागेना. कुलूप तसंच ठेवून मी फळीची झडपच उखडली. डबा घेतला. जिना चढताना गुडघ्यांची आठवण झाली नाही. वरून ओरडलो, ‘भोंगा! चक्र फिरवू नका! सगळे इथे या, पण जिन्यापाशीच थांबा!’

जेवण टाकून माणसं आली. साहेबही आले. जावई हातोडी घेऊन वाकला होता, तसाच राहिला. रेघेच्या आणि क्लॅम्पच्या मध्ये एक बोट उरलं होतं, तेही बाईमाणसाचं.

मी म्हणालो, ‘हा पट्टा खोटा आहे. मी दाते न बदलता रंग मारला. दाते जुने आहेत, झिजलेले आहेत, पाइप घसरतोय. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.’

भोंग्यासारख्या माणसाचा आवाज गेला. फक्त म्हणाला, ‘काका?’

‘चांगले दाते या डब्यात आहेत. वीस मिनिटं लागतील. तेवढा वेळ पाइप नुसत्या पाचरींवर राहील, तेव्हा फलाटावर कोणी नको. जावईबापू, तुम्ही खाली जा. मी बसवतो.’

तो खाली गेला नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा आचाऱ्याशिवाय माझ्याशी बोलला. ‘तुमच्याने नट सुटणार नाही, बाबा. मी आवळलाय.’

खरंच सुटला नसता. त्याने नळी घालून सोडवला, मी कड्या धरल्या. क्लॅम्प निघाला तसा खालून धप्प आवाज आला आणि पाइप एकदम टिचभर खाली गेला. पाचरींनी करकर करत धरला. मी त्याच्या दंडाला गच्च पकडलं होतं हे मला नंतर दिसलं. तो म्हणाला, ‘दाते द्या.’ मी एकेक दाता देत गेलो, तो बसवत गेला. जुने दाते मी माझ्या टोपीत टाकले. हाताला लागले तेव्हा नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत होते. आठवा बसला, क्लॅम्प पुन्हा चढला, त्याने आठ ठोके मारले आणि कान लावला. या वेळी मलाही ऐकू आलं. आवाज भरीव होता. त्याने नट आवळला, साध्या पान्याने.

नंतर ऑफिसात साहेबांनी मला जास्त काही विचारलं नाही. किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. मी ठेवल्या. मग ते जावयाकडे वळले. ‘तू नऊ दिवस तो क्लॅम्प हाताळतोयस. तुला कधी कळलं?’

मला वाटलं तो म्हणेल, आजच. तसं म्हणाला असता तर सुटला असता. मी मनात त्याला सांगत होतो, आज म्हण, बाबा, आज म्हण.

तो म्हणाला, ‘गुरुवारी. सही करतानाच. आतून बोट फिरवलं तेव्हा.’

‘मग बोलला का नाहीस?’

त्याने माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, ‘तुम्ही दोघंही घरी जा. पहिल्या गाडीने.’

रविवार, १४

पहिली गाडी म्हणजे मालाची जीप. मागे एकच बाक. त्यावर मी आणि तो, पायाशी दोन बॅगा. पूल ओलांडला. मला तहान लागली होती आणि पाण्याची बाटली त्याच्या बाजूला होती. सवयीने मान वळवून आचाऱ्याला शोधलं. तेव्हा त्याला हसू आलं. त्याने बाटली दिली.

पाणी प्यायलो आणि म्हणालो, ‘माझ्यामुळे तुमची बढती गेली. आता नोकरीही.’

‘या वेळी माझ्यामुळे गेली,’ तो म्हणाला. ‘मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. बाकीच्यांना लांब ठेवलं म्हणजे झालं असं वाटलं. ते बरोबर नव्हतं.’

‘मग सांगितलं का नाही?’

त्याने हेल्मेटच्या आतल्या पट्टीमागून घडी घातलेला कागद काढून दिला. दोषवहीची चिठ्ठी होती. गुरुवार, ४ तारीख. क्लॅम्पचे दाते झिजलेले, तपासणीची खूण चुकीची. दोषी म्हणून माझं नाव, खाली त्याची सही. चिठ्ठी पूर्ण भरलेली, फक्त दिलेली नाही. घामाने कागद मऊ पडला होता.

‘लिहून खिडकीपर्यंत आलो होतो,’ तो म्हणाला. ‘मग पान्याच्या वेळचं आठवलं. तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की चिठ्ठी फाडा, जरूर फाडा, पण आधी एकदा मला बाजूला घेऊन सांगायचं होतंत. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं. पण आपलं बोलणं कुठे होतं? आचाऱ्याकडून असलं कसं सांगणार? घरी फोनवर सांगितलं, त्या दोघी म्हणाल्या, बाबा स्वतःच सांगतील, थोडं थांब.’

म्हणजे सोमवारी फोनवर ही जे विचारत होती ते हे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकटाच फळीला कुलूप लावून बसलो होतो.

मी त्याला म्हटलं, ‘माझं चुकलं. पान्याचंही आणि याचंही.’ इतकं सोपं वाक्य आहे. गाडी खड्ड्यातून गेली म्हणून अर्धं ऐकू गेलं की काय अशी शंका आली, म्हणून पुन्हा म्हटलं. त्याने मान हलवली आणि थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. नऊ दिवसांची झोप होती. घर येईपर्यंत माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला, पण मी हलवला नाही.

दार लेकीने उघडलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. नवऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले, चिंध्या सोडल्या आणि उंबरठ्यातच उभी राहून एकेक बोट दाबून पाहत गेली. दहाही बोटं झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

‘सांगितलंत?’

‘सांगितलं,’ मी म्हणालो.

‘किती उशीर केलात हो, बाबा,’ ती म्हणाली आणि रडायला लागली. मी दारातच उभा होतो. आत या असं अजून कोणी म्हटलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. चिठ्ठी या वहीत ठेवली आहे.